फिर्याद कोणाविरुद्ध?
निन्टेंडोचे फॅमिकॉम हे १९८३ साली जपानात विक्रीस आलेले खेळयंत्र परदेशी टीव्हीस जोडले आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसू लागल्या, की हौशी मंडळी तत्काळ स्क्रू-ड्रायव्हर घेऊन यंत्राची शवचिकित्सा आरंभितात. वास्तविक अशा प्रकरणी झडती प्रथम टीव्हीची घ्यावी, असे माझे मत आहे. कारण या यंत्राची चित्रलहर जपानी वाहिनी क्रमांक १ वा २ वर, म्हणजे ९१.२५ किंवा ९७.२५ मेगाहर्ट्झवर, बाहेर पडते, आणि हा मुलूख अन्यत्र एफएम रेडिओच्या अमलाखाली असल्यामुळे अमेरिकन टीव्हीच्या नेहमीच्या वाहिन्या कितीही धुंडाळल्या तरी न गवसणारे चित्र केबलच्या ९५ किंवा ९६ क्रमांकावर बिनतक्रार रुजू होते. १९९३च्या सुधारित आवृत्तीने रेडिओलहरींची ही दलाली बंद करून साधी एव्ही तार दिली खरी, परंतु दुसरा तंटा कायम राहिला: यंत्र सुमारे २४० ओळींचे संपूर्ण चित्र सेकंदाला साठदा पाठविते, तर कित्येक आधुनिक टीव्ही, आपल्या चातुर्यावर अवाजवी विश्वास ठेवून, त्यास ४८० ओळींचा अर्धा हिस्सा समजतात व लगतच्या दोन चित्रांची नसती सोयरीक जुळवितात, परिणामी ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये शत्रूची धडक बसल्यावर एकाआड एक चित्रात लुप्त होणारा मारिओ लुकलुकण्याऐवजी आडव्या पट्ट्यांनी चिरलेला दिसतो. अशा वेळी २४० ओळी यथार्थ ओळखणारा स्केलर मध्ये बसवावा, किंवा माळ्यावरचा पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही, घरच्यांचा विरोध पत्करूनही, खाली उतरवावा.