खाली पडलेली फुले घ्या

शिमगा जवळ आला की आमच्या माळावरचे पळस फुलतात. तेव्हा झाडावर पान जवळजवळ नसतेच, नुसती केशरी फुले. लांबून माळाला आग लागल्यासारखी दिसते. फुलाला पाच पाकळ्या असतात, त्यातली एक पोपटाच्या चोचीसारखी वाकडी असते. देठाकडची टोपी काळपट व मखमलीसारखी मऊ लागते. संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात. "हा पोपट तर नव्हे?" असा त्याचा अर्थ गुरुजींनी सांगितला.

काही मुले म्हणतात, पळसाला वास नाही, मग त्याचा काय उपयोग? मला हे पटत नाही. वास नसेना का, आत गोड रस असतो. सकाळी जाऊन बघा, साळुंक्या आणि शिंजीर यांची झुंबड उडालेली असते. पाखरांच्या अंगाला पराग लागतात, ते दुसऱ्या फुलाला जातात, मग शेंग धरते. शेंग चपटी असते आणि तिच्या टोकाला बी एकच. एकच! शेवग्याच्या शेंगेत किती असतात, मोजून बघा.

म्हणून माझे मत असे आहे की रंगपंचमीसाठी पळसाच्या फांद्या मोडू नयेत. फांदी मोडली की तिच्यावरच्या सगळ्या शेंगा गेल्या. रंगाला खाली पडलेली फुले चालतात. माझी आजी तीच वेचते. रात्री कढत पाण्यात भिजत घातली की सकाळी पाणी पिवळे-केशरी होते. विकतच्या रंगाने माझ्या बहिणीचे डोळे दोन दिवस चुरचुरत होते.

मोठ्या माणसांनाही एक सांगतो, रागावू नका. होळीसाठी बांधावरचा पळस तोडतात आणि म्हणतात, "परत फुटेल की." फुटतो हे खरे. पण त्याला फुले यायला किती वर्षे थांबायचे? मागच्या वर्षी ओढ्याकडचे दोन मोठे पळस गेले. होळीला गोवऱ्या आणि वाळकी लाकडे पुरतात. पळसाला पाने तीनच, ही म्हण मी पुष्कळ ठिकाणी मोजून पाहिली, खरी आहे. त्याच पानांच्या आजी पत्रावळी लावते. २०१८ साली सरकारने थर्मोकोलच्या ताटांवर बंदी घातली. मग पंगतीला पत्रावळी नकोत का? पाने कुठून आणणार?

रविवारी मी टोपली घेऊन माळावर जाणार आहे. ज्यांना यायचे त्यांनी सकाळी लवकर या. ऊन चढले की पडलेली फुले सुकून जातात.

– इयत्ता ४ थी