एक विचारू का, वन्सं?

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की आमच्या घरी तुळशीपाशी कारीट फोडतात आणि त्याचा कडू रस जिभेला लावल्यावाचून कोणाला फराळाला बसू देत नाहीत. आजचा माझा विषयही वाचकांनी असाच जिभेच्या टोकावर घ्यावा, एवढीच विनंती.

माझ्या चुलत वहिनींना गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झाला. उपचारांसाठी त्या कोकणातून मुंबईला आमच्याकडे येऊन राहिल्या. पाच आठवडे बाहेरून किरण, आठवड्यातून एकदा शिरेतून औषध आणि शेवटी आतून किरण. वहिनी त्याला 'शेक' म्हणत, आणि शेक घेऊन आल्यावर माझे न ऐकता भाजी निवडायला बसत. गाठ गेली. अण्णा, म्हणजे माझे चुलतभाऊ, येऊन त्यांना घेऊन गेले. आम्ही पेढे वाटले आणि आपल्यापुरता तो अध्याय संपवला.

आठ महिन्यांनी ती दोघे तपासणीसाठी आली. अण्णा औषधांच्या रांगेत उभे होते. बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या वहिनी हळूच म्हणाल्या, "एक विचारू का, वन्सं? ह्यांना माझ्यापासून काही होणार नाही ना?"

"काय होणार?"

"हाच रोग. नाहीतर शेकाचं काही अंगात राहिलं असेल, ते. हे हल्ली ओसरीवर निजतात."

वीस वर्षे मी वर्गात शृंगाररस शिकवते. होनाजी बाळाच्या लावण्या मुलामुलींपुढे न अडखळता उलगडून सांगते. पण त्या बाकावर माझी जीभ टाळ्याला चिकटली. "डॉक्टरांना का नाही विचारलंत?" एवढेच कसेबसे म्हणाले.

"काही त्रास आहे का, असं विचारलं त्यांनी. पण याला त्रास म्हणायचं की काय म्हणायचं?"

खरेच, काय म्हणायचे? आपल्या बायका 'अंगावरून जातं' म्हणतात, 'अंग बाहेर येतं' म्हणतात. सारी दुखणी एका 'अंगा'त गुंडाळून ठेवतात. कीर्तनात चौऱ्यांशी लक्ष योनी आपण माना डोलावून ऐकतो; डॉक्टरांच्या खोलीत मात्र एकीचाही उच्चार होत नाही.

घरी आल्यावर वहिनींनी बॅगेच्या तळातून साडीत गुंडाळलेली एक गुळगुळीत, बोटाएवढी नळी काढली. बरोबर इंग्रजी पत्रक. उपचार संपताना कोणीतरी घाईत हातात दिले होते. ती परत करायची असेल, म्हणून वहिनींनी आठ महिने जपून ठेवली होती!

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे पुन्हा गेलो. यावेळी अण्णांना मी बाहेर बसू दिले नाही. डॉक्टरीणबाई भल्या होत्या. म्हणाल्या, "किरण गाठ जाळतात, तशी भोवतालची कोवळी त्वचाही सुकवतात. ओलावा जातो, योनिमार्गाच्या भिंती एकमेकींना चिकटू पाहतात, मार्ग अरुंद आणि आखूड होतो. म्हणून ही नळी. पाण्यात विरघळणारं वंगण लावायचं, लहान मापापासून सुरुवात करायची, आठवड्यातून दोन-तीन वेळा, पाच-दहा मिनिटं, सावकाश. किंचित रक्त दिसलं तर घाबरू नका. जास्त गेलं किंवा पुन्हा पुन्हा गेलं, तर आमच्याकडे या."

"पण आता या वयात…" वहिनी पुटपुटल्या.

"हे नुसतं नवऱ्यासाठी नाही, बाई. मार्ग बंद झाला तर मला आतली तपासणी करता येणार नाही. रोग परत आला का, ते कसं पाहू?"

मग एकेक गाठ सुटत गेली. उपचार संपल्यावर किरण अंगात उरत नाहीत. जवळ आल्याने कॅन्सर नवऱ्याला लागत नाही, की बायकोचा परतही येत नाही. या रोगाचे मूळ बहुधा एका विषाणूत असते. तो बहुतेक विवाहित माणसांना आयुष्यात केव्हातरी गाठतो, बहुतेकांच्या अंगातून आपोआप जातो आणि एखादीच्या अंगात वर्षानुवर्षे मुकाट राहतो. तेव्हा 'कोणी आणला' हा हिशेब कोणत्याही घरात मांडू नये. किरणांनी बीजकोश थांबतात, पाळी अकाली जाते आणि कोरडेपणा वाढतो; त्यावरही औषधे व मलमे आहेत, मात्र ती डॉक्टरांनी कॅन्सरचा प्रकार पाहून द्यायची.

अण्णा इतका वेळ स्वतःच्या चपलांकडे पाहत होते. उठता उठता त्यांनी एकच प्रश्न केला. "तिला दुखणार नाही ना?"

वहिनींनी चमकून त्यांच्याकडे पाहिले. आठ महिने त्या समजत होत्या की नवऱ्याला आपली किळस आली. आठ महिने तो भला माणूस आपला हात लागून बायकोला इजा होईल या धास्तीने ओसरीवर निजत होता.

र. धों. कर्व्यांनी १९२७ साली मुंबईत 'समाजस्वास्थ्य' काढले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. अश्लीलतेचे खटले सोसले, पण असल्या प्रश्नांना मराठीत उत्तरे देणे सोडले नाही. त्याच मराठीची मी अध्यापिका. तेव्हा त्या इंग्रजी पत्रकाचे भाषांतर करायला बसले. 'योनिमार्ग-विस्फारक' असा शब्द घडवला आणि मोठ्या ऐटीत वहिनींना वाचून दाखवला.

वहिनी पोट धरून हसल्या. "वन्सं, हे वाचून बाई घाबरून पळेल हो! नळी लिहा, नळी." 'संभोग' या शब्दावरही त्यांनी बोट ठेवले. "इथं 'जवळ येणं' लिहा. आणि दुखलं तर थांबायचं, हे वर लिहा, पहिल्या ओळीत."

मी तसेच लिहिले. वीस वर्षांत माझे मराठी कोणी इतके नेमके तपासले नव्हते. तुमच्या घरात, शेजारात कोणी या दुखण्यातून उठलेली असेल, तर यंदाच्या भाऊबीजेला तिला एकांतात विचारा. शब्द अडला, तर आमच्या वहिनींचा वापरा.