जन्म आणि जन्मतारीख

परळ-लालबागच्या गिरण्यांच्या दारात पाळी भरण्याच्या वेळी बदली कामगार उभे राहत. कायम कामगार गैरहजर असेल तरच त्या दिवसाचे काम मिळे. नाही तर घर. कित्येकांचे तारुण्य त्या दारातच सरले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, तेव्हा बदलींना कायम करा ही मागणीही होती. संप फसला, गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि काल ज्याला ‘अजून थांब’ म्हटले, त्याच माणसाला चाळिशी उलटताच ‘आता उशीर झाला’ असे ऐकावे लागले. त्याच्या हातातील कसब दोन्ही वेळा कोणी विचारले नाही.

या संदर्भात १९२८ चा गिरणी संप आठवतो. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, अस्पृश्यांना मज्जाव होता, कारण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे. मजुरी मात्र त्याच खात्यात अधिक. बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. वयाचा भेद जातिभेदाइतका क्रूर नाही, हे मला मान्य आहे. म्हातारपण सर्वांना येते, जात तशी वाटली जात नाही. परंतु काम न पाहता माणूस मोजण्याची खोड एकच. जन्म पाहू नका असे सांगणाऱ्या आपणच जन्मतारीख पाहून माणसाला बाजूस सारावे, हे आपल्याला शोभत नाही.

हे मी स्वतःला वगळून लिहीत नाही. शिक्षणसेवक तीन वर्षे मानधनावर राबतो. तास तेवढेच, मान मात्र कमी. अशा एका तरुण सहकाऱ्याने मुलांना गिरणगाव पायी दाखवू या, असे बैठकीत सुचविले. ‘आधी दोन वर्षे शिकवून पाहा,’ असे म्हणून मी त्याला गप्प केले. पुढे ऑनलाइन माहिती भरताना मी अडखळलो आणि मागे कुणी तरी हसले, तेव्हा ते वाक्य मला परत ऐकू आले. माझ्या शेजारी बसून, न हसता, रकाने भरून दिले ते त्यानेच.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज कचेऱ्या आणि दुकाने चालवितात. नव्याला कामाच्या वाटणीत बोलू द्या. ज्येष्ठाला नवे यंत्र शिकण्यास चार दिवस अधिक द्या, आणि ते चारचौघांत मोजू नका.

मी त्या सहकाऱ्याची क्षमा मागितली. लालबागची फेरी यंदा निघाली. वाट त्याने आखली, बोललो दोघेही.