धनुष्ये, बदाम आणि साखर

इंग्लंडातील नॉरफक परगण्यातून मार्गारेट पॅस्टन नावाच्या एका गृहिणीने १४४८ साली लंडनला गेलेल्या आपल्या नवऱ्यास पत्र लिहिले. लंडनहून काय काय आणावयाचे त्याची यादी तीत आहे. प्रथम क्रॉसबो, म्हणजे कळ ओढून बाण सोडावयाची धनुष्ये; ती ताणण्याची यंत्रे व त्यांचे बाण; घरातल्या माणसांसाठी लांब दांड्याचे परशू; आणि त्याच ओघात, एक रत्तल बदाम, एक रत्तल साखर व मुलांच्या अंगरख्यांसाठी जाडेभरडे कापड. शेजारचा वाडा शत्रूच्या माणसांनी बळकावला आहे, त्यांनी दारांना अडसर घातले आहेत आणि भिंतींना बाण सोडण्यासाठी भोके पाडली आहेत, हेही ती त्याच पत्रात कळवते. बाजारहाटाच्या यादीत शस्त्रे आणि साखर अशी शेजारी शेजारी बसलेली आम्ही तरी दुसरीकडे पाहिली नाहीत.

ज्याला इतिहास ‘गुलाबांचे युद्ध’ म्हणतो, त्या यादवीची कथा आम्हांला या बाईच्या घरातून सांगावयाची आहे. राजवाड्यातून ती पुष्कळांनी सांगितली आहे. यॉर्क घराण्याचा पांढरा गुलाब आणि लँकेस्टर घराण्याचा तांबडा, ही मांडणीही बव्हंशी मागाहूनची. बागेत फुले खुडून सरदारांनी पक्ष निवडल्याचा प्रसंग शेक्सपिअरच्या कल्पनेतला, आणि युद्धाचे हे नाव रूढ झाले ते एकोणिसाव्या शतकात. ज्यांची घरे जळली त्यांना गुलाबांची वार्ताही नव्हती.

भांडणाचे मूळ मात्र आपल्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. भाऊबंदकी हा शब्द आपल्या भाषेत आहेच. तिसरा एडवर्ड १३७७ साली वारला. त्याच्या मागे नातू दुसरा रिचर्ड गादीवर बसला. १३९९ मध्ये त्याला पदच्युत करून त्याचा चुलतभाऊ, लँकेस्टर शाखेचा चौथा हेन्री राजा झाला. आता, लँकेस्टर ही शाखा एडवर्डच्या ज्या मुलापासून निघाली, त्याहून वडील अशा दुसऱ्या मुलाला, लायोनेलला, एक कन्या होती. तिचा वंश पुढे विवाहसंबंधाने यॉर्क शाखेत मिसळला. म्हणजे पुरुषवंश पाहिला तर लँकेस्टर वडील, आणि मुलीकडचा हक्क धरला तर यॉर्क वडील. दोन्ही बाजूंना वंशावळ होती, दोन्हींना कायद्याचे पंडित मिळाले. चौथ्या हेन्रीच्या पुत्राने, पाचव्या हेन्रीने, फ्रान्समधल्या विजयांनी हा प्रश्न झाकून टाकला. झाकलेला प्रश्न सुटलेला नसतो, हे त्याच्या मुलाच्या वाट्याला आले.

हा मुलगा, सहावा हेन्री, १४२२ मध्ये राजा झाला तेव्हा नऊ महिन्यांचाही नव्हता. मोठा झाल्यावर तो धर्मभीरू, सौम्य आणि कोणालाही ‘नाही’ म्हणू न शकणारा निघाला. गृहस्थ म्हणून असा माणूस चांगला. राजा म्हणून घातक. ज्याने शेवटी कानाला लागावे त्याला जहागीर मिळावी, आणि बड्या सरदाराच्या आश्रिताला कोणत्याही न्यायासनासमोर शिक्षा होऊ नये, अशी स्थिती झाली. १४५३ च्या जुलैत फ्रान्समधील युद्ध हातचे गेले आणि ऑगस्टमध्ये राजाची शुद्ध हरपली. त्याला बोलता येईना, माणूस ओळखता येईना. ऑक्टोबरमध्ये राणी मार्गारेटला पुत्र झाला. बाळ त्याच्यापुढे धरले तरी त्याने ओळख दाखवली नाही. जवळजवळ दीड वर्षाने, १४५४ च्या नाताळात तो भानावर आला. मधल्या काळात यॉर्कचा ड्यूक रिचर्ड याने राज्याचा कारभार पाहिला होता. सत्तेची चव लागलेला तो आणि मुलाचा वारसा राखू पाहणारी राणी यांच्यात पुढे समेट होणे नव्हते. २२ मे १४५५ रोजी सेंट ऑल्बन्सच्या रस्त्यांत पहिले रक्त सांडले.

पण पाहा, पॅस्टनबाईंची ती यादी या पहिल्या लढाईच्या सात वर्षे आधीची आहे. आमच्या मते यादवीचा खरा आरंभ तिथे आहे. मोलीन्स नावाच्या सरदाराने पॅस्टनांचा ग्रेशम येथील वाडा १४४८ मध्ये नुसत्या दांडगाईने घेतला. नवरा जॉन पॅस्टन कायदेपंडित. तो अर्ज, फिर्यादी, दाद मागत लंडनला राहिला. १४५० च्या जानेवारीत मोलीन्सची माणसे पुन्हा चालून आली. फिर्यादीत त्यांचा आकडा हजार दिला आहे, आणि फिर्यादीतले आकडे थोडे फुगीर असणारच. त्यांनी मार्गारेट जिथे बसली होती त्या खोलीची भिंत खालून खणली आणि तिला उचलून दाराबाहेर नेऊन ठेवले. राजा जागेवर होता, न्यायालये चालू होती, आणि एका वकिलाच्या बायकोला तिच्याच घरातून असे बाहेर काढता येत होते. पुढे लढाया सुरू झाल्या तेव्हा लोकांना त्यात नवे वाटले असेल ते एवढेच, की आता सरदार एकमेकांनाही मारू लागले.

पॅस्टन कुळी काही राजघराण्यातली नव्हे. जॉनचा आजोबा साधा शेतकरी. त्याने कर्ज काढून मुलाला शिकवले, मुलगा न्यायाधीश झाला, त्याने जमिनी घेतल्या. अशा नव्याने वर आलेल्या घराकडे जुने सरदार कसे पाहतात ते सांगावयास नको. त्यात १४५९ साली सर जॉन फॅस्टॉल्फ हा वृद्ध, निपुत्रिक योद्धा वारला. शेक्सपिअरने आपल्या फॉल्स्टाफचे नाव याच्यावरून बेतले, असे मानतात. मरणापूर्वी दोन दिवस त्याने आपला कायस्टरचा नवा कोट व इस्टेट जॉन पॅस्टनला दिली, असे जॉनचे म्हणणे. बाकीच्या कारभाऱ्यांना ते मान्य नव्हते. मृत्युपत्र मृत्युशय्येवरचे, लाभार्थी वकील! आमची पॅस्टनांवर माया जडली आहे, तरी या ठिकाणी आम्हीही भुवई उंचावतो.

इकडे राज्यात उलथापालथ चालली होती. १४६० च्या ऑक्टोबरात पार्लमेंटने तोड काढली: हेन्रीने मरेपर्यंत राजा असावे, त्याच्यामागून यॉर्कने. स्वतःच्या मुलाला वारसाहक्कातून काढणारा हा करार राजाने मान्य केला. राणीने केला नाही. वर्षअखेरीस वेकफील्डला यॉर्क मारला गेला आणि कागदाचा मुकुट घातलेले त्याचे शिर यॉर्क शहराच्या वेशीवर लावले गेले. तीन महिन्यांनी, २९ मार्च १४६१ रोजी, टॉटनच्या माळावर हिमवर्षावात त्याच्या अठरा वर्षांच्या मुलाने, एडवर्डने, सूड उगवला. त्या वेळच्या पत्रांत मृतांचा आकडा २८ हजार येतो. आजचे अभ्यासक तो फार मोठा समजतात. पण १९९६ मध्ये तेथे एक सामुदायिक दफन सापडले, त्यातील कवट्यांवर एकावर एक घातलेले घाव मोजता येतात. आकडा काहीही असो, पराभूतांना दया दाखवली गेली नाही.

चौथा एडवर्ड राजा झाला तरी नॉरफकात फरक पडला नाही. १४६५ मध्ये सफकच्या ड्यूकच्या माणसांनी पॅस्टनांचा हेल्सडनचा वाडा लुटून पाडला, गावचे चर्चही सोडले नाही. ड्यूक हा राजाच्या बहिणीचा नवरा. दाद कोणाकडे मागावयाची? जॉन पॅस्टन त्या वेळी लंडनच्या तुरुंगात होता. पुढच्याच वर्षी तो वारला. मागे मार्गारेट, मुली, आणि ज्यांची नावे दोघांचीही जॉनच अशी दोन मोठी मुले. आपण त्यांस थोरला जॉन व धाकटा जॉन म्हणू.

१४६९ चा उन्हाळा या साऱ्या कथेतला सर्वांत विलक्षण आहे. ज्या वॉरिकच्या अर्लने एडवर्डला गादी मिळवून दिली, तोच उलटला होता. एडवर्डने १४६४ मध्ये एलिझाबेथ वुडव्हिल या दोन मुलांच्या विधवेशी गुपचूप लग्न केले, तेही वॉरिक त्याच्यासाठी फ्रान्समध्ये सोयरीक जुळवीत असताना. तेव्हापासून तो दुखावला होता. त्याने आता राजालाच धरले. सहावा हेन्री १४६५ पासून लंडनच्या टॉवरमध्ये होताच. देशात राजे दोन आणि दोघेही कैदेत! नेमका हाच मुहूर्त साधून नॉरफकच्या ड्यूकने कायस्टरला वेढा घातला. आत धाकटा जॉन आणि तीसएक माणसे, बाहेर तोफा. थोरला जॉन लंडनमध्ये सरदारांच्या भेटी घेत तडजोडीच्या आशेवर बसलेला. आईने त्याला जे लिहिले ते कोणाही आईने लिहावे असे आहे: तुझा भाऊ संकटात आहे, दारू व बाण संपत आले आहेत, तोफांनी कोट फुटला आहे, आणि माणसे वाचली नाहीत तर तुझ्या नावाला कायमचा बट्टा लागेल. सप्टेंबरअखेर किल्ला गेला. धाकटा जॉन जिवंत बाहेर आला.

त्याच वर्षी मुलगी मार्जरी हिने घरच्या कारभाऱ्याशी, रिचर्ड कॉलशी, गुपचूप वचनबद्ध होऊन विवाह केल्याचे उघड झाले. नॉरिचच्या बिशपने तिची उलटतपासणी घेतली. वचनाचे शब्द पुरेसे पक्के नसतील तर ते मी येथेच अधिक पक्के करते, असे तिने सांगितले. आईने तिला घराचे दार बंद केले. तोफांपुढे न डगमगलेली मार्गारेट या ठिकाणी कठोर झाली, हे आम्हांला तिच्याविषयी लपवावेसे वाटत नाही. मौज अशी, की जावई कॉल पुढेही त्याच घराचे हिशेब पाहत राहिला; तसा कारभारी दुसरा मिळाला नसता.

वाडा परत मिळावा म्हणून दोन्ही भाऊ लँकेस्टर पक्षाकडे गेले. तत्त्व वगैरे काही नव्हते. त्या पक्षाचा ऑक्सफर्डचा अर्ल त्यांच्या बाजूने उभा राहिला, एवढेच. १४ एप्रिल १४७१, ईस्टरचा रविवार, बार्नेटची लढाई. दाट धुक्यात ऑक्सफर्डच्या माणसांच्या अंगावरील किरणांचा तारा त्यांच्याच मित्रांना एडवर्डच्या सूर्यासारखा दिसला आणि त्यांनी आपल्याच लोकांवर बाण सोडले, अशी त्या काळच्या बखरीतील नोंद आहे. वॉरिक पडला. चार दिवसांनी थोरल्या जॉनने आईला कळवले: धाकटा जिवंत आहे, उजव्या हातात कोपराखाली बाण लागला होता, मलमपट्टी झाली आहे. मेच्या चौथ्या तारखेस ट्यूक्सबरीला हेन्रीचा एकुलता पुत्र मारला गेला आणि त्याच महिन्यात हेन्रीही टॉवरमध्ये संपला. पॅस्टन बंधूंना माफी मिळाली. कायस्टर मिळाले ते मात्र १४७६ मध्ये, ड्यूक अचानक मेला तेव्हा. इतक्या लढायांनी जे दिले नाही ते एका मृत्यूने दिले. थोरला जॉन ते तीन वर्षे उपभोगून १४७९ मध्ये वारला.

ही पत्रे टिकली कशी? पॅस्टन लोक कोर्टकज्जे करणारे. कोणता कागद कधी पुरावा म्हणून लागेल या भयाने त्यांनी चिठ्ठीचपाटीही जपली. सुमारे हजार कागद आज उरले आहेत. ते प्रथम छापले गेले १७८७ मध्ये. ज्यांच्या घरी पेटाऱ्यात मोडी दप्तरे अजून बांधलेली आहेत, अशा आपल्या वाचकांनी किराणाच्या याद्या रद्दीत देण्यापूर्वी थोडे थांबावे, एवढी विनंती आम्ही जाता जाता करतो.

१४८३ मध्ये चौथा एडवर्ड वारला, त्याची दोन मुले टॉवरमध्ये दिसेनाशी झाली आणि काका तिसरा रिचर्ड राजा झाला. १४८५ च्या ऑगस्टात लँकेस्टरचा दूरचा वारस हेन्री ट्यूडर चालून आला. नॉरफकच्या नव्या ड्यूकने धाकट्या जॉनला पत्र धाडले: माणसे घेऊन बेरीला मला येऊन मिळ. तोवर मार्गारेट वारली होती. धाकटा जॉन चाळिशीचा झाला होता, हातावर बार्नेटचा व्रण होता, कायस्टरची किल्ली कमरेला होती. तो गेला असे दिसत नाही. बॉसवर्थला ड्यूक पडला, रिचर्डही पडला. त्याची हाडे लेस्टरमधील एका मोटारतळाखाली २०१२ मध्ये सापडली आणि २०१५ मध्ये तेथल्या कॅथीड्रलमध्ये पुरली गेली. नव्या राजाने त्याच वर्षी धाकट्या जॉनला नॉरफक व सफकचा शेरीफ नेमले. ड्यूकचे ते पत्र त्याने फाडले नाही. घरच्या शिरस्त्याप्रमाणे इतर कागदांत ठेवून दिले.