वेदनाशमन आणि हृदयाचा ताल

२०१३ सालच्या मे महिन्यात केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफीन या वेदनाशामक औषधाच्या उत्पादनाला व विक्रीला मनाई करणारा हुकूम काढला, तेव्हा ज्यांच्या घरात कर्करोगाचा रोगी अंथरुणाला खिळलेला नव्हता त्यांना त्या वार्तेपाशी थबकण्याचे काही कारण वाटले नसेल. औषध जुने होते, स्वस्त होते, अफूच्या गोत्रातले असूनही सौम्य होते, आणि तालुक्याच्या गावीही ते मिळत असे. ब्रिटनने प्रामुख्याने अतिमात्रेने ओढवणाऱ्या मृत्यूंच्या सबबीवर २००५ साली ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले होते; अमेरिकेने २०१० च्या नोव्हेंबरात, नेमून दिलेल्या मात्रेतही ते हृदयाच्या विद्युत्प्रवाहात फेरफार करते असे आढळल्यावरून, ते बाजारातून काढावयास लावले. आपल्या हुकुमामागची भीती, म्हणजे, निराधार नव्हती. परंतु एक औषध काढून घेताना त्याच्या जागी दुसरे कोणते आणि ते कोठे मिळणार, याची तजवीज करणे हाही राज्यकारभाराचाच भाग आहे, आणि तो भाग त्या कागदावर नव्हता.

ही उणीव आजची नव्हे. ज्या देशात मंदसौर-नीमचच्या शेतांतून सरकारी परवान्याने अफू पिकते आणि नीमच व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते, त्याच देशातील रोग्याला मॉर्फिनची गोळी मिळू नये, हा चमत्कार १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने घडवून आणला. प्रत्येक राज्याचे नियम निराळे, परवाने अनेक, प्रत्येकाची मुदत वेगळी, आणि चूक झाली तर शिक्षा जबर. तेव्हा बहुतेक रुग्णालयांनी ते औषध ठेवण्याचेच सोडून दिले यात नवल नाही. केरळातील डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्या वैद्यांनी वर्षानुवर्षे दप्तरांचे उंबरठे झिजवल्यावर २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली, आणि मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन आदी सहा औषधांपुरता देशभर एकच शिरस्ता लागू झाला.

या सहांतील मेथाडोनचे नाव मी मुद्दाम घेतो, कारण हृदयाच्या तालाचा प्रश्न त्याच्यापाशी येऊन ठेपतो. हृदयाचा स्नायू एकदा आकुंचन पावला की पुढच्या ठोक्यापूर्वी त्याला पूर्वस्थितीवर यावे लागते, आणि ते घडते पेशींतील पोटॅशियम ठरावीक दारांतून बाहेर पडल्यामुळे. कार्डिओग्रामच्या पट्टीवर क्यूपासून टीपर्यंतचे जे अंतर असते ते या सर्व व्यवहाराला लागलेला वेळ दाखवते. मेथाडोनचा रेणू त्या दारात अडून बसतो. वाफ्यातले एका पाळीचे पाणी मुरले नसता दुसरी पाळी सोडावी आणि बांध फुटून पाणी वाट फुटेल तिकडे धावावे, तशी हृदयाची गत होते. १९६६ साली देसेर्तेन या फ्रेंच वैद्याने या अवस्थेचा आलेख पाहून, त्याची टोके सुंभाच्या पिळासारखी मध्यरेषेभोवती वळतात म्हणून, तिला ‘टोर्साद द प्वाँत’ असे नाव दिले. रोगी अकस्मात मूर्च्छित होतो; कधी आपोआप सावरतो, कधी सावरत नाही. हृदयगतीनुसार दुरुस्त केलेले ते अंतर ५०० मिलिसेकंदांच्या पुढे गेले की वैद्याने सावध व्हावे असा संकेत आहे, आणि स्त्रियांत ते अंतर मुळातच किंचित दीर्घ असल्याने त्यांच्याविषयी अधिक सावध असावे.

मग हे औषध द्यावेच का? द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रोग्याला मॉर्फिनचे अवशेष बाधतात, तेथे मेथाडोन उपयोगी पडते. मज्जातंतूंत शिरलेल्या गाठीची जी जळती, विजेसारखी चमकणारी कळ इतर औषधांना जुमानत नाही, ती पुष्कळदा याने निवते. आणि ते महागही नाही. मात्र त्याचा स्वभाव ओळखला पाहिजे. वेदना त्याने सहा-आठ तास थांबते, पण शरीरातून त्याचा निम्मा अंश जाण्यास कोणाला आठ तास लागतात तर कोणाला दोन दिवसांहून अधिक. कळ परतली म्हणून घरच्यांनी मायेपोटी आणखी एक गोळी द्यावी, आणि चार-पाच दिवसांत आत साठलेल्या औषधाने श्वास मंद व्हावा, हा धोका हृदयाच्या धोक्याहूनही अधिक संभवनीय आहे.

परंतु एकट्या मेथाडोनला दोष देणे अन्यायाचे होईल. कर्करोग्याच्या उशाशी औषधांचा जो डबा असतो तो उघडून पाहावा. उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन, भ्रमासाठी हॅलोपेरिडॉल, तापासाठी लिव्होफ्लॉक्सासिन: यांतील प्रत्येक औषध त्याच पोटॅशियमच्या दाराशी थोडेबहुत रेंगाळणारे. तोंडातील बुरशीसाठी दिलेले फ्लुकोनाझोल तर ते अंतर स्वतः वाढवतेच, शिवाय मेथाडोनचा निचराही रोखून धरते. रक्ताच्या एका विशिष्ट कर्करोगावर जे आर्सेनिक दिले जाते तेही याच पंक्तीतले. त्यात उलट्या-जुलाबांनी रक्तातील पोटॅशियम व मॅग्नेशियम घटलेले. यांपैकी एक औषध शहरातल्या मोठ्या रुग्णालयाने दिलेले असते, दुसरे गावच्या डॉक्टरांनी, आणि तिसरे दुकानदाराने चिठ्ठीवाचून. एकाचे दुसऱ्याला ठाऊक नसते, आणि अपघात होतो तो बहुधा या अज्ञानातून.

यावर उपाय बंदीहून पुष्कळच स्वस्त आहे. मेथाडोन सुरू करण्यापूर्वी एक कार्डिओग्राम, मात्रा स्थिरावल्यावर दुसरा, आणि मात्रा बरीच वाढवली वा नवे औषध जोडले तर आणखी एक. सोबत पोटॅशियम व मॅग्नेशियमची तपासणी. जिल्हा रुग्णालयात याहून अधिक साधन लागत नाही. मॉर्फिनला तर या प्रश्नापुरते भिण्याचे कारणच नाही, कारण ते अंतर मॉर्फिनने लक्षात येण्याइतके वाढत नाही. अफूच्या गोत्रातली सर्व औषधे हृदयाला सारखीच घातक, अशी जी समजूत आता पसरू लागली आहे, ती जुन्या परवान्यांनी केले त्याहून मोठे नुकसान करील, अशी मला धास्ती वाटते.

आणि ज्याचे दिवस मोजलेच गेले आहेत, त्याच्याविषयी काय? मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून अशाच रोग्यांची शुश्रूषा करीत आले आहे. असा रोगी, ज्याला कुशीवर वळवतानाही किंचाळी फुटते, त्याच्या छातीला तारा लावून मिलिसेकंद मोजीत बसणे मला शास्त्राचे लक्षण वाटत नाही. जोखमीची कल्पना त्याला वा त्याच्या जवळच्यांना द्यावी, त्यांची इच्छा विचारावी, आणि कळ थांबवावी. ज्याच्यापुढे अजून महिने वा वर्षे आहेत त्याला मात्र कार्डिओग्रामवाचून मेथाडोन देणे ही सरळसरळ हयगय होय.

ज्यांच्या घरी असा रोगी आहे त्यांना एवढीच विनंती आहे. एका वहीच्या पानावर त्याची सर्व औषधे, दुकानातून आपल्या मनाने आणलेलीदेखील, मात्रा व वेळेसह लिहून ठेवा आणि ज्या डॉक्टरांकडे जाल त्यांच्यापुढे ते पान आधी ठेवा. घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल तर तेही त्यावर लिहा. रोग्याला घेरी आली, छातीत धडधडले वा तो क्षणभर बेशुद्ध झाला तर त्याच दिवशी कळवा. आणि भीतीने वेदनेची गोळी परस्पर बंद करू नका.