कारागिराचें ‘उद्यां’ आणि शेतकऱ्याचा हंगाम

आपल्या मासिकांत बियाणें, खतें, किडी यांविषयीं पुष्कळ उपयुक्त मजकूर येत असतो. परंतु ज्या मनुष्याच्या हातीं आपलें पाणी असतें, त्या नळ-पंपाच्या मिस्त्रीविषयीं सहसा कोणी लिहीत नाहीं. प्रस्तुत लेखकानें महसूल खात्यांतील कारकुनींतून निवृत्त झाल्यावर जव्हारनजीक थोडी जमीन कसावयास घेतली. तिच्यापायीं जो अनुभव पदरीं आला तो वाचकांपुढें मांडणें अवश्य वाटतें.

जव्हार-मोखाडा हा पावसाचा मुलूख. वर्षास १०० इंचांहून अधिक पाऊस पडतो. पण जमीन उताराची, खालीं काळा पत्थर, त्यामुळें पाणी ठरत नाहीं आणि फाल्गुन-चैत्रांत विहिरी तळास जातात. मोखाड्यांतील कित्येक पाड्यांस उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. (त्याच तालुक्यांतील मध्य वैतरणा धरण २०१४ सालीं मुंबईच्या पाण्यासाठीं उभें राहिलें, हा विषय निराळा, त्यावर पुनः केव्हां तरी.) नागली-वरईपुरती शेती होती तोंवर हें चालून जाई. आतां आपल्याकडे मोगऱ्याची लागवड वाढली आहे. मोगऱ्याच्या कळ्या ऐन उन्हाळ्यांत पहाटे तोडून दादरच्या बाजारीं धाडावयाच्या. म्हणजे विहीर आटते तेव्हांच झाडास पाणी हवें. अशा वेळीं पंप आठ दिवस बंद राहिला तर बहर हातचा जातो.

माघांत मीं एका मिस्त्रीस पंप बसविण्यासाठीं ठरविलें. सामान आणावयाचें म्हणून त्यानें सगळीच रक्कम आगाऊ मागितली व मीं ती दिली. पावती घेतली नाहीं. ज्यानें उभा जन्म सात-बाराच्या उताऱ्यांत व पावतीपुस्तकांत घालविला त्यानें असें करावें, यावर घरच्या माणसांनीं जें म्हटलें तें येथें लिहिण्याजोगें नाहीं. पहिले अकरा दिवस ‘उद्यां येतों’ या शब्दांत गेले. मग एके दिवशीं दिवेलागणीस येऊन त्यानें विहिरीच्या कांठावरच पंप ठेवला, पाइप जोडला, बटण दाबून पाणी दाखविलें आणि निघून गेला. तेव्हां पाणी पंधरा फुटांवर होतें. चैत्रांत तें अठ्ठावीस फुटांवर गेलें. पंप नुसता घुं घुं करी; पाणी येईना. तिसऱ्या दिवशीं आंतलें सील तापून जळालें. मिस्त्रीनें दोष विजेच्या दाबावर ढकलला, व पुढें फोन घेणेंच सोडलें.

विजेचा त्यांत कांहींएक दोष नव्हता. कांठावरच्या पंपाकडे पाणी वर येतें तें हवेच्या दाबानें, आणि हा दाब समुद्रसपाटीवरसुद्धां पाण्यास ३४ फुटांपलीकडे उचलूं शकत नाहीं. पाइपाचें घर्षण व सांध्यांतून शिरणारी हवा जमेस धरतां व्यवहारांत वीस-बावीस फूट हीच मर्यादा समजावी. जव्हार तर सुमारें दीड हजार फूट उंचीवर! पंपाचें सील पाण्यानेंच थंड राहतें. कोरडा पंप फिरविला कीं तें जळणारच. उन्हाळ्यांत पाणी कोठवर जातें हें आधीं विचारून पंप खालच्या टप्प्यावर बसविणें, किंवा पाण्यांत बुडणारा पंप सुचविणें, हें मिस्त्रीचें काम होतें. विचारण्याची अक्कल मलाही नव्हती, हें कबूल केलें पाहिजे. दुसरा मिस्त्री मिळेपर्यंत नऊ दिवस गेले, आणि त्यांबरोबर मोगऱ्याचा बहरही गेला.

तरी सर्व दोष कारागिरांच्या माथीं मारणें न्यायाचें नाहीं. ज्याच्या हातांत खरी कला आहे तो वसई, बोईसर, भिवंडीकडे जातो. तेथें रोज अधिक व काम बारमाही. मागें राहतो तो पाहून-पाहून शिकलेला, आणि त्याच्या एकट्याच्या पदरीं दहा पाडे. शिवाय आम्हां कचेरींतल्या लोकांनीं किती शेतकऱ्यांस ‘उद्यां या’ म्हणून परत पाठविलें, याचा हिशेब कोणी काढला तर मला मिस्त्रीविरुद्ध बोलावयास तोंड उरणार नाहीं.

जुन्या माणसांस अशा वेळीं बलुत्याची आठवण होते. खळ्यावर धान्याचा वांटा मिळावयाचा म्हणून सुतार-लोहार नांगर-विळ्याच्या वेळीं हजर असे. परंतु त्या पद्धतीचे दोष त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालच्या ‘गांवगाडा’ ग्रंथांत उघड करून दाखविले आहेत. जातीच्या बेडीनें बांधलेला कारागीर आज कोणासही नको. सरकारनें सप्टेंबर २०२३ मध्यें १८ कारागिरांसाठीं विश्वकर्मा योजना काढली. तींत गवंडी, सुतार, लोहार आहेत, कुलुपें करणाराही आहे. नळ-पंपाचा मिस्त्री मात्र नाहीं. घरोघर नळ देण्याचें काम तर २०१९ पासून चाललें आहे. ते नळ गळूं लागल्यावर दुरुस्त कोणीं करावयाचे?

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें पैसे घेऊन केलेल्या कामांतील कसुरीबद्दल दोन वर्षांच्या आंत तक्रार करतां येते, आणि पांच लाखांपर्यंतच्या कामास फी नाहीं. शेतकरीही ग्राहकच, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं बियाण्यांच्या एका प्रकरणांत म्हटलें आहे. परंतु पावतीवांचून तेथें तरी काय दाखविणार?

म्हणून माझी सूचना अशी कीं, आपल्या मंडळानें भरंवशाच्या कारागिरांची एक वही ठेवावी. वाईटांचीं नांवें तींत लिहूं नयेत. त्यांतून भांडणें व बदनामीचे दावे मात्र उभे राहतील. रकमेचा तिसरा हिस्सा मळ्यास एक पुरें पाणी बसेपर्यंत हातीं ठेवावा. पाइपावर आय.एस. ४९८५ हा छाप आहे कीं नाहीं तें दुकानांतच पाहावें. आणि दर चार-पांच पाड्यांमागें एका होतकरू मुलास हें काम शिकण्यास पाठवून, आपण सर्वांनीं वर्गणी करून त्यास वर्षाचा मेहनताना बांधून द्यावा, म्हणजे त्यास भिवंडीची वाट धरावी लागणार नाहीं. वर्गणी भात विकल्यावर घ्यावी. चैत्रांत मागितली तर कोणी देणार नाहीं.

मंडळाच्या पुढील बैठकीस मी कोरी वही घेऊन येणार आहें. ज्यांस नांवें सांगावयाचीं असतील त्यांनीं कारागिरास आधीं विचारून यावें.

— एक निवृत्त महसूल कारकून