पीटीचा तास कुणी खाल्ला?

लातूर पॅटर्नचा अभिमान आम्हालाही आहे. पण नांदेड-लातुरात आता ‘फाउंडेशन’च्या नावाखाली सातवी-आठवीची पोरंही क्लासला जुंपतात, आणि पहिला बळी जातो पीटीचा तास. ‘पोर्शन राहिलाय’ म्हटलं की पालकही खूश!

अहो, मेंदूत खेळाचा आणि अभ्यासाचा असे वेगळे कप्पे नसतात. तोल सांभाळणारा लहान मेंदू आणि विचार करणारा कपाळामागचा भाग जोडीनं काम करतात. अ‍ॅडेल डायमंड यांनी २००० सालीच हे मांडलंय. खो-खो बघा. खो मिळेपर्यंत दम धरायचा, मिळाला की क्षणात दिशा ठरवायची, खांबापर्यंत ती बदलायची नाही. लक्ष, संयम, निर्णय. नीटच्या पेपराला वेगळं काय लागतं?

खेळलं की मार्क वाढतातच, असं मी म्हणत नाही. पण दिवसभर बाकाला चिकटवल्यानं डोकं चालतं, हे तुम्ही कशाच्या जोरावर म्हणता?

शिक्षण हक्क कायद्यानं (२००९) शाळेला मैदान सक्तीचं केलंय. जागतिक आरोग्य संघटना रोज सरासरी ६० मिनिटं अंगमेहनतीची हालचाल सांगते. पुढच्या पालकसभेत टक्केवारीच्या आधी एवढंच विचारा: या आठवड्यात पोरं मैदानावर किती वेळ होती?